सतरा सेंटिमीटरचा बोर्ड आणि न लागलेले झाकण

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा तुला जिना चढू देतो का, ते आधी कळव. माझी प्रकृती ठीक म्हणावी इतपत आहे. भाच्याने नव्या कॉम्प्युटरसाठी हल्लीचा छोटा मदरबोर्ड घ्यावा का, आणि तो लहान असून महाग कसा, असे तू विचारलेस. प्रश्न मार्मिक आहे. दुर्दैवाने उत्तर मला अनुभवाने ठाऊक आहे.

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे अवयव जिच्यावर बसतात ती पाटी. (तीस वर्षे तांत्रिक विद्यालयात शिकवले, व्याख्येवाचून मला पुढे सरकता येत नाही.) ती सतरा सेंटिमीटर चौरस करायची, तर तेवढ्याच तारा जास्त थरांत, दाटीने न्याव्या लागतात. शिवाय गिऱ्हाईक थोडे. म्हणून किंमत पावणेदोन पट. वेग मात्र मोठ्याइतकाच, वायरलेसही आतच. वस्तू अद्भुत आहे, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

मी तो घेतला, कारण नातीचे अभ्यासाचे टेबल माझ्या खोलीत यायचे होते आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा खोका आड येत होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हल्ली सगळं डब्याएवढ्यात मावतं. हे धूड काढा आता." (त्यांची नजर खोक्यावर होती, माझ्यावर नव्हती, अशी मी मनाची समजूत घातली.) मी पुठ्ठ्याचा सतरा सेंटिमीटरचा चौकोन कापून आठ दिवस खोलीभर ठेवून पाहिला. लांबी-रुंदी मिलिमीटरपर्यंत अचूक! उंची मोजायची राहिली. जुन्या खोक्यातला, प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा धडधाकट होता म्हणून तोच बोर्डावर बसवला. तो बोर्डासाठी आणलेल्या छोट्या डब्यातून चार बोटे वर डोकावू लागला आणि झाकण काही केल्या लागेना. "घनफळाला तीन मापं लागतात, हे मला तुम्हीच छडी घेऊन शिकवलंत ना?" चिरंजीवांनी विचारले. जुन्या दोन डिस्कना आत जागा नाही, त्या बाहेर. वीज पुरवणारा ठोकळा बाहेर. कार्डासाठी खाच एकच, म्हणून उरलेली जोडणीही बाहेर. जुन्या खोक्यापेक्षा वीतभर जागा जास्त लागली. टेबल दारातच अडले. सूनबाई मोजपट्टी गुंडाळत एवढेच म्हणाली, "राहू द्या बाबा. तिचं टेबल स्वयंपाकघरात लावू." रागावली असती तर बरे झाले असते. नात आता फ्रिजशेजारी, भांड्यांच्या आवाजात पाढे म्हणते. मी इथे पंख्याची घरघर ऐकतो.

तात्पर्य, छोट्या बोर्डाचे जादा पैसे आपण नसलेल्या जागेपायी मोजतो. जागा खरोखरच नसेल तर ते वसूल; असेल तर उधळपट्टी. तुझी मागची खोली मोकळी आहे, तेव्हा भाच्याला बिनधास्त मोठा बोर्ड घेऊ दे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मागची खोली मोकळीच आहे ना? मी निघालो की टेबल इथे सहज बसते, मोजून पाहिले. घरात अजून कोणाला बोललेलो नाही.

आणखी एक ता. क. हो म्हणणार असशील, तर वरचे तात्पर्य खोडून टाक आणि भाच्याला छोटाच बोर्ड घ्यायला सांग. खाटेची मापे वेगळ्या चिठ्ठीत लिहिली आहेत. या वेळी उंचीसकट.