खाली पाहणारी लिली

१४ जून

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. जिना चढायची घाई करू नकोस. ऐकणार नाहीस, तरी लिहिते. आईचा खोकला कमी आहे. ऑफिसात मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय.

उतारावरच्या रानलिली फुलल्या का, असं तू विचारलंयस. तेवढ्यासाठीच उत्तर तीन आठवडे रखडलं.

मावशी, तो उतार राहिला नाही. रस्ता रुंद करायला कापला. ‘कापायला हरकत नाही’ या शेऱ्याखाली सही माझी आहे.

मार्चमध्ये साहेबांनी उतारावर दुर्मिळ झाडं आहेत का, याचा अहवाल दोन दिवसांत मागितला. गेले, तर जमिनीतून नुसतं एकेक पान वर आलेलं. तू शिकवलेलं सगळं पाठ होतं. साध्या लिलीची पानं दांड्यावर एकाआड एक, फूल आभाळाकडे तोंड करून. दुर्मिळ लिलीची पानं दांड्याभोवती कडं करून, फूल मान खाली घातलेलं, पाकळ्या मागे वळलेल्या, आत तांबडे ठिपके. पण दांडाच नाही, तर बघणार काय?

“फुलेपर्यंत थांबू या,” मी म्हटलं.

“तोवर मशीन काय पूजा करत बसणार? काय वाटतं ते लिहा.”

तुझ्या चित्रांच्या वह्या पुढे केल्या. “मावशीबाईंची चित्रं म्हणजे पुरावा नव्हे,” म्हणाले. मी ‘साधी’ असं लिहिलं.

पानावरून ओळखता येत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. खरंच आहे ते. पण तुझ्याबरोबर नऊ वर्षं त्याच उतारावर ती खाली पाहणारी फुलं मोजली होती ना मी! मला माहीत होतं, मावशी. नोकरी कच्ची होती, घाबरले.

गेल्या आठवड्यात कापलेल्या कडेला एकच झाड फुललं. पानांची तीन कडी, खाली पाहणारं फूल. फोटो घेऊन धावत गेले. साहेबांनी बराच वेळ पाहिला. “सुंदर आहे हो. पण आता मी तरी काय करू?” त्यांच्याही हातात काही उरलं नव्हतं.

परत गेले. निम्मा कंद उघडा पडला होता. मी माती दाबत राहिले, ती निसटत राहिली. उपटून आणावं, तर भर फुलात जगणार नाही. मंगळवारी कडा ढासळली.

तू मला ज्या लाडक्या नावानं हाक मारतेस, ते इथे लिहायला हात धजत नाही.

तुझ्या बहिणीची मुलगी