ताणलेला दोरा

मंगळवार, ९ सप्टेंबर

'नो सिग्नल!' टेबलभर मॉनिटर पसरलाय आणि त्याच्यावर फक्त हे दोन शब्द. लॅपटॉपला वायर लावली, दोन्हीकडं नीट बसली. चित्र मात्र नाही. शेवटी गोमटेशला फोन केला. मूळचा बोरगावचा, निपाणीत स्टँडमागं त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, मॉनिटर त्यानंच दिलाय.

"आक्का, वायर कुठली लावलासा?"

मोबाइल चार्ज करायची. बसते ना!

"बसती हो. पर त्यातनं नुसता करंट जातोय, चित्र न्हाय जात."

बसते आणि चालत नाही! असल्या वायरी करतात कशाला?

आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढं स्वतःलाच विचारायला नको, की हा खटाटोप कशाला. गेल्या दिवाळी अंकात माझ्या नजरेतून चुका सुटल्या. एका कवीचं आडनावच गळलं! माझ्या नजरेतून! बेळगावच्या पेपरात असताना रोज रात्री पानं तपासून छापायला सोडायची मी, कधी असं झालं नाही. अंकाचे संपादक मारुतीराव हसून म्हणाले, "यंदा पानांना कुणी तरुण बघू या का?" हसून! म्हणून हा मॉनिटर. लॅपटॉपवर अख्खं पान मावत नाही, अर्धं अर्धं बघताना चुका निसटतात, दुसरं काही नाही. यंदाचा अंक स्वच्छ निघाला तर पानं माझी. नाही तर नाही. दसरा झाला की अंक छापखान्यात.

बुधवार, १० सप्टेंबर

चित्र आलं! गोमटेश स्वतः वायर घेऊन आला. पण अक्षरं? मुंग्या! मेनू वाचायला भिंग लागेल. म्हणाला, "चौपट ठिपके हायत ह्यात, म्हनून अक्षर बारीक दिसतंय. मोठं करून देतो." सेटिंगात दोनशे टक्के केलं आणि मी खुर्चीतच मागं सरले. अक्षराची कड अशी, की तांब्याच्या पत्र्यावर कोरलीय! आपलं 'ळ' इतकं देखणं असतं हे इतक्या वर्षांत मला कुणी दाखवलंच नव्हतं.

जयाबाई दारातूनच बघत होत्या. जयाबाई म्हणजे माझी भावजय. भाऊ गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

"एवढा मोठा टीव्ही, आन् मालिका न्हाय दिसायची?"

"टीव्ही नव्हे वहिनी, कामाचा आहे."

"व्हय, व्हय. बिनकामाचा टीव्ही आतल्या खोलीत हाय." 

शुक्रवार, १२ सप्टेंबर

माउस ओढला की बाण मागून येतो, नवरीमागून करवली यावी तसा. पान सरकवलं की थरथरतं. डोकं दुखलं. गोमटेश म्हणतो, ही वायर चित्र पुरवते, पण सेकंदाला तीसच. साठ पाहिजेत. तिसरी वायर आणली. लावल्याबरोबर सगळं लोण्यासारखं! तो चहा न घेता निघाला होता, जयाबाईंनी अडवला. "अरं, वायरी लावून लावून तू आता घरचाच झालास, बस की."

शनिवार, १३ सप्टेंबर

वाकडी! दोन कॉलमांमधली उभी रेघ मधोमध फुगलीय!

आज पहिल्यांदा समोरासमोरची दोन पानं पूर्ण आकारात उघडली. वरून खाली रेघ. लॅपटॉपवर ती बोटभर दिसायची, इथं हातभर. आणि मध्यावर पोट आलेलं. मोजमापाच्या खिडकीत बघितलं, वरचा आकडा आणि खालचा आकडा एकच. म्हणजे फाइल सरळ आहे. पडदा वाकडा!

रविवार, १४ सप्टेंबर

फुगवटा एका जागी नाही. वर बघितलं की वर, खाली बघितलं की खाली! जिथं तपासायला जावं तिथं तो आधीच हजर. पडद्यातच काही तरी हलतंय, नाही तर आणि काय?

सोमवार, १५ सप्टेंबर

गोमटेश आला. नाक पडद्याला टेकवून बघितलं. "सरळ हाय की आक्का."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. सरळ हाय."

मला राग येत नाही सहसा. पेपरात आगीच्या बातमीनं पान उलटंपालटं झालं तरी मी चहा पीत मथळा लिहायची. आज मात्र राग आला. म्हटलं, विकलेल्या मालाची बाजू घेतोस? बिचारा! बदलून देतो म्हणाला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दुसरा मॉनिटर. कोरा, खोक्यातून माझ्यासमोर काढलेला. तरी तेच!!

शनिवार, २० सप्टेंबर

व्हायला नको ते झालं. गोमटेश फोन उचलेना म्हणून त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, कुणी शाळेचे लोक, बऱ्याच कॉम्प्युटरांचं बोलणं चाललेलं. मी त्यांच्यादेखत म्हणाले, "ह्याच्याकडं घेताना रेघा बघून घ्या. माल वाकडा असतो."

म्हणाले मी! आवाज न चढवता. आवाज न चढवता बोललेलं जास्त लागतं, हे मला चांगलं माहीत आहे. गोमटेशचं तोंड उतरलं. शाळेवाले 'परत येतो' म्हणून गेले.

"आक्का, कंपनीचा मानूस बोलावतो," एवढंच म्हणाला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

कंपनीचा माणूस बेळगावहून आलता. कानडी. यंत्र लावून पडदा तपासला, वर, खाली, कोपरे. "नेट्टग ऐत्री, मेडम." सरळ आहे म्हणे. मी बोट ठेवून दाखवलं, इथं! त्यानं माझ्या बोटाकडं बघितलं, मग गोमटेशकडं. दोघांनी एकमेकांकडं जसं बघितलं ते मला आवडलं नाही. म्हातारीच्या डोक्यात काही तरी शिरलंय, असं ते बघणं.

जेवताना जयाबाई म्हणाल्या, "तुझी सहीबी हल्ली रेघेवरनं वर चढाला लागलीया गं. काल पोस्टमननं कागद दिला तवा बघितली." म्हटलं, पोस्टमन घाई करतो. आणि पडद्याशी काय संबंध?

बुधवार, २४ सप्टेंबर

आठवलं! इतके दिवस कसं सुचलं नाही? पेपरात पानं हातानं चिकटवायचो तेव्हा वाद झाला की आकडे कुणी विचारत नसे. दोऱ्याची दोन टोकं दोघं धरायचे, ताणायचे, पानावर टेकवायचे. दोऱ्याबाहेर गेलेली मजकुराची पट्टी उखडून पुन्हा चिकटवायची. वरिष्ठ असो, नवखा असो, दोऱ्यापुढं सगळे गप्प. ताणलेला दोरा वाकत नाही, एवढा एकच कायदा. गोमटेशला उद्या बोलावलंय. त्याच्यासमोरच दोरा लावते.

गुरुवार, २५ सप्टेंबर

जयाबाईंनी गजऱ्याचा दोरा दिला. गोमटेशनं वरचं टोक धरलं, जयाबाईंनी खालचं. रेघेवर टेकवला.

"बोला आता," मी म्हटलं.

"आक्का, दोरा आन् रेघ एकच हाय."

बघितलं. दोन्ही एकच होती. दोऱ्याच्या बाहेर रेघ कुठंच नाही. पण दोन्हीही मधोमध फुगलेली!

"ताणा की नीट! ढिला धरलाय."

"ताणलाय गं," जयाबाई म्हणाल्या, "आनखी ओढला तर बोट कापंल माझं."

मी बोटानं छेडला. वाजला.

पुन्हा छेडला, पुन्हा वाजला. मग म्हटलं, मागून उजेड येतो, काचेवर दोरा तसा दिसत असेल. असंच म्हटलं. "घेऊन जा हा मॉनिटर." त्यानं वायरी गुंडाळल्या. खोकं उचलताना म्हणाला, "तुमास्नी फसवलं न्हाय मी, आक्का. शपथ." दार लावून घेतलं.

दोरा टेबलावरच राहिला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सकाळ. टेबल मोकळं. पडदा नाही, वायर नाही, मागून उजेड नाही. पांढऱ्या भिंतीवरच्या दोन खिळ्यांना दोरा बांधला, वाजेपर्यंत ताणला.

वाकडा!

डावा डोळा झाकला. सरळ. उजवा झाकला. मधोमध पोट. शेजारी दाराची चौकट, तीही फुगली.

गोमटेशला फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"पडदा सरळच आहे रं," मी म्हटलं. "आधी शाळेवाल्यांना तसं सांग, माझं नाव घेऊन. मग गाडी काढ. बेळगावला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं."

हे उजव्या डोळ्यानं लिहिते आहे.