अण्णांच्या भिंतीवरची गल्ली

गेवराई

प्रिय अमरनाथ,

अण्णा एकटे राहू शकतील का, की दसऱ्यानंतर त्यांना पुण्याला न्यावं, एवढंच तू विचारलं होतंस. जाऊन ये आणि खरं काय ते कळव, म्हणालास. रविवारी जाऊन आले. माझ्याच मताची मला खात्री वाटत नाही, म्हणून फोन न करता लिहिते आहे.

आधी तू विचारलेलं. तब्येत बरी आहे, गोळ्या वेळेवर घेतात. गॅस बंद आहे का हे मी चोरून पाहिलं आणि आपण पाहुणे आहोत की तपासनीस, असं वाटून ओशाळले. जिना मात्र ते कठडा धरून उतरतात. बायपास रस्ता झाल्यापासून तुमच्या गल्लीत वाहनं फारशी येत नाहीत. दुपारी पारव्यांचं घुमणं ऐकू येतं.

ड्रॉइंगची मास्तरकी सुटली तरी हात थांबलेला नाही. कागदाला ते शिवत नाहीत, दरवर्षी नव्यानं भिंतीच रंगवतात. ओसरीपासून गच्चीच्या जिन्यापर्यंत सगळी गल्ली उभी आहे, माणसाएवढी माणसं, ज्याला त्याला भिंतीशी उभं करून उंची घेतलेली. आत शिरताच मी पानवाल्या शहादेवला नमस्कार करणार होते, तेवढ्यात तो भिंतीत आहे हे लक्षात आलं. दूध घालायला आलेल्या भामाबाई स्वतःच्या चित्रापुढे उभ्या राहून भांडत होत्या, "गुरुजी, माजं नाक कावून येवढं केलं?" अण्णा म्हणाले, "नाक बराबर हाय. भिंत बारीक पडली." त्यावर बाई म्हणाल्या, "आसू द्या. घटाच्या आदी मलाच पुसायचं हाय."

तू पुण्याला गेल्यावर काकूंनी, तुझ्या आईनं, पाडलेली ही रीत तुला कुणी सांगितली का, ठाऊक नाही. घट बसायच्या आधी घर चुन्यानं पांढरं व्हायला हवं, हा त्यांचा हट्ट. पण एवढी माणसं आपण कशी पुसायची, म्हणून त्यांनी ठरवलं की ज्याचं चित्र त्यानंच पुसायचं. गल्ली कुंचे घेऊन येते, एकमेकांची टिंगल करत स्वतःवर चुना फिरवते आणि चहा पिऊन जाते. वर्षभरात कुणी गेलं असेल, तर त्याचं लेकरू येतं. गेल्या वर्षी सटवा शिंप्याची स्वप्ना माजलगावहून आली होती. तिनं बापाच्या पायांपासून सुरुवात केली, तोंड शेवटी. आमच्या घरी घट बसत नाहीत, तरी मी दरवर्षी स्वतःला पुसून येते.

मग मी पुण्याचं काढलं. ते अडून बसतील, म्हणून कारणं जुळवून नेली होती, पण त्यांची गरजच पडली नाही. "येतो की. मी कुटं न्हाई म्हनलो?" असं म्हणत ते उठले आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

फडताळाशेजारी काकू आहेत, हातात उलथनं, कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवलेली. त्या गेल्या त्या वर्षी चुना लावायचं कुणाला सुचलं नाही. पुढे तुला रजा मिळाली नाही. दरवर्षी त्यांच्याभोवतीनं चुना लागत गेला, त्याचे थर चढले. आता त्या भिंतीत जराशा आत उभ्या आहेत. कडेवरून बोट फिरवलं तर अडखळतं.

"हिचं तेवढं राह्यलंय," अण्णा म्हणाले. "हिला आशी ठिवून कसा येऊ?"

मी पुसते, असं मी म्हणाले. ते रागावले नाहीत. "तू कोन लागतीस तिची, वनिता?" एवढंच विचारलं. कॉलेजची सगळी वर्षं त्या स्वयंपाकघरात मी भाकरी खाल्ली, पण त्या नात्याला आपण दोघांनी नाव दिलं नाही. का दिलं नाही, ते तुलाही माहीत आहे. मी चहाचा कप विसळायला घेतला. त्यांनी चहात साखर पुरली का, विचारलं.

निघताना म्हणाले, त्याला काम आसतं, बोलावू नको. त्यांचा शब्द मोडावा की नाही, हे मी रोज रात्री डायरीत मांडून पाहिलं. पण हे तुला न कळवता नुसतं तब्येतीचं मत देणं मला खोटं वाटतं. म्हणून हे पत्र मत द्यायला नाही, तुला बोलवायला आहे. सोमवारी घट बसतात, रविवारी गल्ली कुंचे घेऊन येईल. पुण्याचं काय ते नंतर ठरवा. तू ये आणि एकटा स्वयंपाकघरात जा. मी ओसरीवर थांबेन. आतलं काम माझं नाही.

गावाकडून, तुझीच
वनिता