सकाळी घेतलेला शेवट

पिंपळगाव राजा
दि. ११ नोव्हेंबर २०११, शुक्रवार

चि. सौ. मयुरीस,

आईचा सप्रेम जय भीम. माह्या नातीले, श्रावस्तीले, आजीकडून दोन्ही गालांवर पापे. तुझे आईबाबा बरे असतीन. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

पत्र पाहून तू म्हणशीन, फोन असताना बुढीले हे काय सुचलं. पण घरात फोन एकच, अन् तो तुझ्या नवऱ्याच्या खिशात असते. बुधवारी तू बोलली तवा धम्मा माह्या समोरच खाटेवर बसून होता. तू म्हणाली, "आई, मी रविवारी येऊन राह्यली, श्रावस्तीले घेऊन, कायमची," अन् मी नुसतं "बरं" म्हणून फोन त्याच्या हाती दिला. तुले वाईट वाटलं असन. अमीनाबी बांगड्या घेऊन उद्या तुझ्या माहेरच्या गावाले, देऊळघाटले चालली, तिच्या हाती हे पत्र देते. तिले उर्दू वाचता येते, मराठी नाही, अन् इकडचं तिकडं करायची तिले खोड नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घेजो. कापूस वेचून उजवा हात धरला आहे.

कापसाचं म्हणशीन तर पहिली वेचणी बरी झाली, दुसरीले पऱ्हाटी लाल पडली. बियाणं घेताना दुकानदार छातीवर हात मारून सांगत होता, बीटी आहे मावशी, आता फवारा विसरा. पण पंप काही तुझ्या सासऱ्याच्या, मामाजींच्या पाठीवरून उतरला नाही. गुडघा दुखते म्हणतात अन् ऐकत तर कोणाचं नाही. तू येणार म्हणून त्याईनं तुझ्या खोलीले चुना मारला, तुझ्या शिलाई मशीनले तेल घातलं, अन् चालते का नाही पाहायले माह्या नव्या पोलक्याची बाही शिवून बंद करून टाकली. मोठे खूश आहेत. त्याईले हे पत्र मी दाखवलं नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. दोन वेळा लिहायले बसली अन् दोन्ही वेळा कापसाचंच लिहून उठली.

तू सांगतलं, तिथल्या शाळेत खिचडी शिजवता शिजवता तू दारात उभी राहून तो दारूचा व्हिडिओ पाह्यला. त्यात धम्मा पिऊन घरी येते, थाळी फेकते, अन् शेवटी पांढरा शर्ट घालून पोरांले सांगते, मी सोडली, तुम्ही हातही लावू नका. तू फोनवर रडत होती. म्हणाली, "आई, त्यात त्याईनं बायकोले माह्या नावानं हाक मारली. कागदावर दुसरं नाव असन ना? म्हणजे त्याईच्या मनात मी आहे." मयुरी, ते काढलं त्या दिवशी मी तिथं होती. कसं झालं ते तुले नीट सांगते.

ते व्हिडिओवाले श्रावणात आले होते, पोळ्याच्या आधी. शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी दारू, गुटखा अन् फवारणीचे व्हिडिओ काढायचे म्हणे. फवारणीच्या व्हिडिओत तुझ्या मामाजींले घेतलं. हातमोजे, टोपी, चष्मा, तोंडावर मास्क, सगळं घालून उभं केलं. आमचे जानराव (नाव घेतलं तर घेतलं) मास्कच्या आतून म्हणते, "साहेब, हे घालून एक तास फवारलं तर अळीच्या आधी मीच मरतो." सगळे हसले. शूटिंग झाल्यावर ते हातमोजे अन् मास्क व्हिडिओवाल्यांनी मोजून पेटीत भरले अन् घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मामाजी नेहमीसारखे तोंडाले दुपट्टा बांधून फवारायले गेले.

दारूच्या व्हिडिओसाठी शाळेतल्या सरांनी धम्माचं नाव सुचवलं. जयंतीच्या जलशात तो बोलते छान, तुले माहीत आहे. अन् त्यानं तवा खरंच सोडली होती, पोरी. तू माहेरी गेली, त्यानंतर बुद्ध पौर्णिमेले विहारात सर्वांसमोर उभा राहून त्यानं शपथ घेतली, अन् पाळली. उरलेला उन्हाळा पाळली, पेरणी पाळली. सकाळी उठून बैलाचं शेण काढे. मी त्याच्याकडं चोरून पाहत राहो, नजर लागीन म्हणून बोलत नव्हती. एकदा म्हणाला, "आई, अजून थोडं जमू दे, मंग मी स्वतः देऊळघाटले जातो तिले आणायले." हे खरं आहे. हे मी तुले मुद्दाम सांगून राह्यली, म्हणजे तुले वाटू नये का मी पोटच्या पोराले नुसती नावं ठेवून राह्यली.

शूटिंगच्या दिवशी सकाळी त्याईनं पांढऱ्या शर्टातला भाग घेतला. हो, पहिला तोच. ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून मोठे साहेब म्हणाले, शेवट आधी करून घेऊ. व्हिडिओत जो शेवट आहे तो त्या दिवशीचा पहिला आहे. धम्मा कॅमेऱ्यात पाहून म्हणाला, मी सोडली, अन् त्या टायमाले ती सुटलेली होती. एका दमात बोलला. मी भिंतीशी उभी राहून पदर डोळ्याले लावला.

पिऊन घरी येण्याचा भाग दुपारी घेतला. बाटलीत कोरा चहा भरला होता. बायको म्हणून अकोल्याची एक पोरगी होती, आई म्हणून मीच. धम्मा दारातून आला अन् शाळेत उशिरा आलेल्या पोट्ट्यासारखा मान खाली घालून उभा राह्यला. थाळी फेक म्हटलं तर त्यानं ती खाली ठेवली. साहेब म्हणाले, परत. परत केलं, परत तेच. साहेब चिडले. म्हणाले, "अहो, तुम्हाला तर अनुभव आहे ना? पूर्वी कसं व्हायचं ते आठवा, तसंच करा." सारं गाव अंगणात उभं, पोट्टे हसून राह्यले. माह्या लेकाचं तोंड पाहवत नव्हतं. मले तवाच म्हणायले पाहिजे होतं, राहू द्या, दुसरा कोणी पाहा. पण एवढे शिकलेले लोक, मी काय बोलू!

मंग जेवायची सुटी झाली. धम्मा जेवला नाही. नाल्याकडं जाऊन येतो म्हणाला. नाल्यापलीकडं काय आहे ते तुले सांगायची गरज नाही.

आला तो हसत आला. तुले ते हसणं माहीत आहे, मयुरी. हात उचलायच्या आधीचं. मी चुलीपाशी बसली होती. वास तर दारातूनच आला. मी उठून साहेबांजवळ गेली अन् हळूच म्हटलं, साहेब, ह्याच्या तोंडाले वास येऊन राह्यला. ते मशीनमध्ये पाहत होते. म्हणाले, "मावशी, वास कॅमेऱ्यात येत नाही. बसा जागेवर."

अन् तो भाग एका झटक्यात झाला. थाळी अशी फेकली का पाटावरची गिलासंही गेली. कागदावर बायकोचं नाव सुनीता होतं. तो "मयुरे" म्हणून ओरडला, अन् त्या अकोल्याच्या पोरीचा दंड धरला. ती खरीच भिऊन ओरडली. तिले तसं ओरडायले कोणी सांगतलं नव्हतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, वा, याला म्हणतात नैसर्गिक. नाव तसंच राहू द्या, खरं वाटतं.

तर त्यानं तुझं नाव असं घेतलं. आठवण येऊन नाही घेतलं. पिल्यावर तो जसं घेते, तसं घेतलं. मले हे लिहिताना जीव तुटून राह्यला, पण तू त्या एका हाकेवर घर परत मांडायले निघाली, अन् मी गप बसू तर मी कसली आई.

त्या दिवसापासून परत चालू आहे. आधी आडून होतं, आता आडून नाही. त्यात व्हिडिओ शाळांत लागले, अन् धम्माले भाषणाले बोलावणं येऊ लागलं. निर्व्यसनी तरुण म्हणून शाल देतात, नारळ देतात. भाषणाच्या आधी थोडी घेतल्याबिगर त्याले आता उभं राहता येत नाही. हसावं का रडावं ते कळत नाही. रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचवं, दारू न पिण्याचं, आलं का सगळ्याइच्यापेक्षा त्याचाच आवाज मोठा असते. बाजूच्या बाया माह्याकडं पाहतात अन् मी जमिनीकडं.

गुरुवारी शाल गळ्यात घालूनच घरी आला. मी म्हटलं, बाबा, रविवारी पोरगी येऊन राह्यली, नात येऊन राह्यली, आता तरी बस कर. तो हसला. मंग माह्या हातातला तांब्या हिसकला अन् मनगट पिरगळलं. वर मी लिहिलं का हात कापूस वेचून धरला. तसं नाही. मामाजी तिथंच होते. त्याईनं त्याले बाजूले केलं, बाहेर जाऊन बसले, अन् रडले. सकाळी मले म्हणते, "मयुरी आली का होईन सगळं ठीक." शेजारची चांगुणाही तेच म्हणते. सरही तेच म्हणतात. अरे, तू काय औषध आहे का, का चमचाभर पाजली का झाला बरा? मले या लोकांचा लय राग येते. तू होती तवा तरी कुठं ठीक होतं?

तुले धम्मानं एक सांगतलं नसन. रविवारी ते व्हिडिओवाले परत येऊन राह्यले. दुसरा भाग काढायचा आहे, सून घरी परत येते असा. तू पोरीले घेऊन एसटीतून उतरशीन, ते काढणार. चांगलं नाही आलं तर परत एसटीत चढवतीन अन् परत उतरवतीन. मी दारात भाकरतुकडा ओवाळायचा. माह्या साडीचा रंगसुद्धा त्याईनं फोनवर सांगून ठेवला. म्हणून त्याले रविवारच पाहिजे होता. तू शनिवारी येते म्हणाली होती ना, अन् तो नाही म्हणाला?

तू येऊ नको.

रविवारीही नको, अन् तो कितीही गोड बोलला तरी नको. तो घ्यायले आला तर तुझ्या भावाले समोर करजो. मामाजींचा फोन आला, ते रडले, तरी नको. ते भोळे आहेत. श्रावस्तीले वाईट वाटीन, शाळेत सगळ्या पोरींले तिनं सांगतलं असन का टीव्हीवर तो माझा बाबा आहे. तिले म्हणजो, बाबा आजारी आहे, औषध चालू झालं का भेटू. खोटं नाही ते. व्हिडिओच्या शेवटी एक नंबर दाखवतात ना, मी अमीनाबीच्या फोनवरून त्याच नंबरले फोन लावला. एक पोरगी बोलली, चांगली बोलली. म्हणाली, पेशंट स्वतः तयार पाहिजे. मी म्हटलं, बाई, तो तुमच्याच व्हिडिओत आहे. तिनं गावाचं नाव लिहून घेतलं. मंग अकोल्याच्या दवाखान्याचा पत्ता दिला. मी त्याले तिथं नेईन. आज नाही आला तर उद्या परत म्हणीन. रविवारी त्या साहेबांले दारातच सांगीन का सून येणार नाही, अन् काऊन येणार नाही तेही सांगीन. कॅमेरा चालू असला तर असू दे.

तुझी शिलाई मशीन मी पुढच्या आठवड्यात टेम्पोत टाकून पाठवते. ती तुझ्या आईनं दिलेली आहे, ती इथं कायले ठेवायची. तिथं बायांचे पोलके शिवजो, खिचडीचं काम सोडू नको.

धम्मा माह्या पोटचा आहे, मयुरी. तो कसाही झाला तरी मले त्याले सोडता येत नाही, अन् मी सोडणारही नाही. तुले सोडता येते. तू तर सोडून गेलीही होती, अन् मी तवा चारचौघांत तुले घालूनपाडून बोलली. तू बरोबर होती.

तो खरंच सुधरला तर ते मी तुले येऊन सांगीन, माह्या पायानं. दुसऱ्या कोणी सांगतलं, टीव्हीनं दाखवलं, तर विश्वास ठेवू नको. मी आली नाही तर समजून घेजो, अन् आपलं पाहजो.

पत्र वाचून चुलीत टाकजो. उत्तर पाठवू नको.

तुझी वाट न पाहणारी,
तुझी आई सिंधू