पाणी कोमट आहे

१२ ऑगस्ट

प्रिय शेंडेफळ,

तुला आणि तुझ्या पोटातल्या दांडगोबाला भरभरून आशीर्वाद. पाय सुजलेत म्हणून एवढा कांगावा? बीपी तपासून घे, पाय वर घेऊन बस आणि नवऱ्याला कामाला लाव.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजींनी बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले. पहिला तिरका बसला, आता रोज त्याच्याकडे बघून स्वतःच चिडतात. मी काठीवरून वॉकरवर आले. बढतीच म्हणायची.

हो, डॉक्टरांकडे जाऊन आले. या नसांच्या आजाराचं, एमएसचं, दुसरं औषध सुरू होऊन वर्ष झालं. मेंदूत नवे डाग नाहीत. मी म्हटलं, "मग पाय आणखी का ओढला जातोय?" म्हणाले, "औषध आपलं काम करतंय, आजार आपलं." आता बदलून द्यायला त्यांच्याकडे फारसं काही उरलेलं नाही. रडू यायला हवं होतं. मी पर्समध्ये पार्किंगची पावती शोधत बसले.

तू विचारलंस, रजा टाकलीस का. वॉर्डातल्या बाळांना पहिली आंघोळ घालणारी ताई तुझ्याही बाळाला घालणार, हे आपलं कधीचं ठरलेलं. रजेची अडचण नाही गं. मी आता वॉर्डात नाही, केसपेपरच्या खिडकीवर बसते. बदली मीच मागून घेतली.

एका सकाळी नेहमीसारखं टबात कोपर बुडवलं आणि म्हटलं, "पाणी कोमट आहे." बाळ उचललं. जोडीच्या सिस्टरची बोटं चुकून पाण्यात गेली आणि ती ओरडलीच, "अगं, चटका बसतोय! थांब!" माझं कोपर लालबुंद झालं होतं. मला पत्ताच नाही. बाळ माझ्या हातात आळस देत होतं. त्याला काही झालं नाही. त्या दिवसापासून मला काहीच वाटेनासं झालंय, आणि हे मी फक्त कोपराबद्दल म्हणत नाही. भावजींना अजून सांगितलेलं नाही.

मी येणार हे नक्की. तुझं डोकं खाईन, जावईबापूंना कामं सांगेन. आंघोळीला मात्र दुसरी बाई बघ. आणि बाळ रडायला लागलं की मी सवयीने हात पुढे करीन, "आण इकडे, तुला नाही जमायचं" म्हणेन. मोठेपणा गाजवीन, रुसेनसुद्धा.

तरी देऊ नकोस.

तुझीच,
ताई