एका त्रैमासिकाच्या नावाची विल्हेवाट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, निसर्गविषयक एका त्रैमासिकाची संपादक, भुंगेरे गोळा करणाऱ्या एका गृहस्थांची विधवा आणि एका मुलीची आई, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो पण तो माझ्याच ताब्यात आहे, आणि पुढचा मजकूर मला कोणी सुचवलेला किंवा धाक घालून लिहून घेतलेला नाही. आमच्या डॉक्टरांनी सकाळी येऊन मला तपासले. एरवी मी त्यांना त्रास दिला नसता. पण यंदा मला असा धक्का बसला की त्यानंतर कित्येक दिवस मी बोलता बोलता मध्येच गप्प होत होते, असे मुलगी सांगते. उद्या कोणी म्हणू नये की म्हातारीला चळ लागला होता, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलबाईंना मी या कामाच्या व्यवस्थापक नेमते. त्यांना माझे अक्षर लागते, हे त्यातले मुख्य कारण.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात माझ्या मुलीचे. ते विकावे की ठेवावे हे तिने ठरवावे, मात्र कलम ५ मध्ये सांगितलेल्या दोन खोल्यांना हात लावू नये. जिन्याखालची ओल कधीच जाणार नाही, तिच्यावर खर्च करू नये. मागच्या भिंतीवर गोगलगायी येतात. त्यांच्यावर मीठ टाकू नये, आपल्या अंकात त्यांच्यावर तीन लेख आले आहेत.

कलम २. यजमानांची भुंगेऱ्यांची कपाटे कॉलेजच्या संग्रहालयाला द्यावीत. प्रत्येक खणात डांबराच्या गोळ्या वेळच्या वेळी बदलायला हव्यात. संग्रहालयाचे लोक हो म्हणतील आणि विसरतील, तेव्हा मुलीने अधूनमधून जाऊन वास घ्यावा. वास आला तर ठीक. तिला लहानपणी या कपाटांची भीती वाटायची आणि आता ती मोठ्या हुद्द्यावर असली तरी वाटतेच, हे मला ठाऊक आहे. तरीही जावे.

कलम ३. सूक्ष्मदर्शक, त्याचा दिवा आणि टेबल ही गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर काम करणाऱ्या त्या मुलीची. आमच्याकडे सगळे तिला खेकडेवालीच म्हणतात आणि तीही फोनवर स्वतःला तेच म्हणवते. टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखालची पुठ्ठ्याची घडीही तिलाच.

कलम ४. आता त्रैमासिक. हे कलम लांबणार आहे. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात एवढी हकीकत लागत नाही. मी म्हटले, नावाची विल्हेवाट लावायची तर त्या नावाचे काय झाले हे लिहायलाच हवे.

त्रैमासिक यजमानांनी काढले आणि त्याचे नाव कायद्याने त्यांच्या मालकीचे होते, ते वारसाने माझ्याकडे आले. नियम एकच होता. आपल्या नदीला जिथून पाणी मिळते ते डोंगर, नदी आणि तिच्या मुखाची खाडी, एवढ्यातलेच छापायचे. एका नामवंत प्राध्यापकांनी वाघावर सुरेख लेख पाठवला होता. आमच्याकडे वाघ नाही. आम्ही लेख आभारासह परत केला आणि ते गृहस्थ पुढे कधी आमच्याशी बोलले नाहीत. आम्ही छापत होतो ते असे: अमुक झाडाला यंदा फूल उशिरा आले, तमुक ओढ्यात पाणमांजराची पावले दिसली. एका दंतवैद्यांनी लोखंडी पुलाखाली घरटी करणाऱ्या भिंगरी पक्ष्यांवर दीड पानी टिपण लिहिले. पुलाच्या इंजिनिअरने ते वाचले आणि पिल्ले उडून जाईपर्यंत पुलाचे रंगकाम थांबवले.

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाची समिती आली. कोणत्या नियतकालिकाचा संशोधनावर किती प्रभाव पडतो हे ती मोजत होती. अध्यक्षांना मी पुलाची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारले, या टिपणाचा पुढे उल्लेख कुठे झाला? मी म्हटले, पुलावर. ते हसले नाहीत. त्यांच्या अहवालात आमच्यापुढे प्रभाव शून्य आणि विषयाचा आवाका संकुचित असे आले. मला वाईट वाटले, पण झोप उडाली नाही. आवाका संकुचितच होता, आम्ही तो मुद्दाम तसा ठेवला होता.

झोप उडाली ती माझ्या दिरांची, हे मला तेव्हा कळले नाही. भाऊजी यजमानांचे धाकटे भाऊ. लग्न केले नाही, खालच्या दोन खोल्यांत राहतात. त्रैमासिकाचे चिटणीस पहिल्यापासून तेच. पत्ते लिहिणे, तिकिटे चिकटवणे, वर्गणी संपलेल्यांना गोड शब्दांत टोचणे हे सगळे त्यांचे. यजमान गेल्यावर मी अंक बंद करणार होते, तेव्हा "दादाचं आहे ते" एवढेच म्हणून त्यांनी पुढच्या अंकाचा कागद आणून ठेवला होता.

यंदा विद्यापीठाच्या ग्रंथपालांचा फोन आला. ते अभिनंदन करत होते. आमचा प्रभावांक, म्हणजे लेखांचा पुढे किती उल्लेख होतो त्याचा आकडा, कुठल्या कुठे वर गेला होता, म्हणे. मला वाटले त्यांचा नंबर चुकला. मी तसे म्हटलेही. ते म्हणाले, नाव तुमचेच आहे, संपादक म्हणून तुम्हीच आहात. मी फोन ठेवला आणि गोगलगायींच्या लेखाची मुद्रिते तपासायला बसले. गोष्ट इतकी अशक्य होती की तिच्यावर विचार करावा असेही वाटले नाही.

नंतर खेकडेवाली आली. नेहमी ती बूट बाहेर काढते, त्या दिवशी चिखलाच्या बुटांनीच आत आली आणि लॅपटॉप माझ्यासमोर उघडला. वर आमच्या त्रैमासिकाचे नाव होते. यजमानांनी स्वतः काढलेले भुंगेऱ्याचे चित्र होते. खाली लेखांची यादी होती: सिमेंटची बळकटी, शेअर बाजारातले चढउतार, दातांची कवळी, विमानतळावरची गर्दी. मी वाचत गेले. आमच्या नदीतला एक मासासुद्धा त्यात नव्हता.

ती म्हणाली, "काकू, खाली बघा अजून."

खाली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर एक लेख होता. लेखक म्हणून यजमानांचे नाव होते, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. लेख गेल्या महिन्यातला होता. यजमानांना जाऊन सहा वर्षे झाली.

मी ते नाव वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. क्षणभर मला खरोखर वाटले की ते कुठेतरी आहेत आणि त्यांनी मला कळवले नाही. हे मी लिहिते आहे कारण धक्का म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजले. माझ्या हातातला पेला कधी खाली पडला ते मला कळले नाही. काचा खेकडेवालीने गोळा केल्या. त्या गोळा करता करताच, माझ्याकडे न बघता, तिने स्वतःचे सांगितले. तिला संशोधन केंद्रात नोकरी लागत होती. निवड समितीने नाव खोडले. तिचे दोन्ही चांगले लेख आमच्याच अंकात आले होते आणि आमचा अंक आता पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांच्या काळ्या यादीत होता. चार पावसाळे गुडघाभर पाण्यात उभे राहून तिने जे पाहिले ते खोटे ठरले होते.

हे कोणी केले, असे मी विचारले. तिने पान आणखी खाली सरकवले. परवानगी देणारे: चिटणीस. पुढे भाऊजींचे नाव.

मी जिना उतरून खाली गेले. भाऊजी नव्या अंकाचे पत्ते लिहीत बसले होते. मी म्हटले, "भाऊजी, आपलं नाव कोणाला दिलंत?"

त्यांनी पेन खाली ठेवले. नाकारले नाही. अहवाल आल्यानंतर एक गृहस्थ त्यांना भेटले होते. चांगले कपडे, गोड बोलणे. इंटरनेटवरची बाजू आम्ही सांभाळतो, तुमच्या अंकाला योग्य जागा मिळवून देतो, तुम्ही फक्त होकार द्या, असे ते म्हणाले. भाऊजींनी सही करून होकार दिला. मी विचारले, त्याचे काय घेतलेत? काहीच नाही, म्हणाले. मला हा दुसरा धक्का होता. पैशासाठी केले असते तर मला ते समजले तरी असते.

"वहिनी, शून्य लिहिलं होतं त्यांनी," ते म्हणाले. "दादाच्या अख्ख्या आयुष्यापुढे शून्य. मला ते बघवत नव्हतं."

"आणि गुडघ्यावरचा लेख? तो पाहिलात?"

"पाहिला."

"मग?"

त्यांनी पेनाला टोपण लावले. "दादाचं नाव नवीन छापून आलेलं दिसलं," ते म्हणाले. "मला बरं वाटलं."

मी वर आले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलत नाही.

पुढचे थोडक्यात. खेकडेवालीने आणि मी सगळीकडे कळवले की ते आम्ही नव्हे. नियतकालिकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीने उलट आम्हालाच समज दिली, की एका प्रतिष्ठित नियतकालिकाचे नाव आपण आपल्या छोट्या छापील अंकासाठी विनापरवाना वापरत आहात, ते ताबडतोब थांबवावे. माझ्या मुलीने हे फोनवर ऐकले आणि ती हसू लागली, मग मीही हसू लागले, आणि मग मला रडू थांबवता येईना. अखेर वकीलबाई मालकीची कागदपत्रे घेऊन त्या कचेरीत जाऊन बसल्या, तेव्हा ती चोरांची इंटरनेटवरची जागा बंद झाली. पण काळ्या यादीतून नाव निघत नाही. यादीत घालायला एक अर्ज पुरतो, काढायला कोणताच अर्ज नाही, असे तिथल्या कारकुनाने समजावून सांगितले. बिचारा भला होता.

म्हणून मी असे ठरवते. त्रैमासिकाचे नाव मी कोणालाही देत नाही. ते मी खेकडेवालीला देऊ केले होते. तिने हात जोडले आणि म्हणाली, "काकू, मला नदी द्या. नाव मी दुसरं ठेवीन." तेव्हा आमचे नाव माझ्याबरोबर संपेल, आणि ते कोणी कोणत्याही कामासाठी वापरल्यास वकीलबाईंनी खटला भरावा. जुने सर्व अंक, ठसे, चित्रे आणि वर्गणीदारांचे पत्ते खेकडेवालीचे. ती नव्या नावाने अंक काढणार आहे. आवाका तोच: डोंगर, नदी, खाडी. पहिल्या अंकात तिचे दोन्ही लेख पुन्हा छापावेत. तिच्याबरोबर खेकडे पाहायला दंतवैद्य, इंजिनिअर आणि संशोधन केंद्रातले दोघे तरुण गेल्या आठवड्यात ओढ्यावर जाऊन आले. त्यातल्या एकाने परत येऊन तिच्या लेखातली एकेक गोष्ट बरोबर असल्याचे लिहून दिले आहे. नोकरीचे अजून काही नाही.

कलम ५. खालच्या दोन खोल्या तहहयात भाऊजींच्या राहण्यासाठी. त्यांना तिथून कोणी उठवू नये आणि भाडे मागू नये. यजमानांची दुर्बीणही त्यांची. मी त्यांना माफ केले असा याचा अर्थ कोणी काढू नये. डोक्यावरचे छप्पर ही वेगळी बाब आहे.

कलम ६. समितीच्या अध्यक्षांना माझ्या मालमत्तेतले काहीही देऊ नये. माझ्या मागे भाषणे नकोत. कोणी बोललेच तर प्रभाव हा शब्द वापरू नये.

पुढचा मजकूर वरचा टाइप होऊन आल्यावर मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

आज सह्या करायच्या होत्या. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि आमचे छापखानेवाले ठरले होते. छापखानेवाल्यांचे यंत्र अडकले, ते येऊ शकले नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, शेजारून कोणाला तरी बोलावू. तेवढ्यात भाऊजी वर आले. कित्येक महिन्यांत ते जिना चढले नव्हते. त्यांनी कागद वाचायला मागितला. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहून तो दिला. त्यांनी उभ्यानेच सगळा वाचला, कलम ४ सुद्धा. मग म्हणाले, "साक्षीदार मी होतो."

वकीलबाईंनी त्यांना समजावले की ज्याच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवले आहे त्याने साक्षीची सही केली तर आमच्या इथल्या कायद्याने त्याचा हिस्सा रद्द होतो. खोल्याही आणि दुर्बीणही. शेजारी कोणीतरी मिळेल, थोडे थांबा.

"कळलं मला," भाऊजी म्हणाले. "यात लिहिलंय ते खरं आहे, एवढं मला सही करून सांगायचंय. माझी सही एकदा खोट्यावर झालीय."

वकीलबाईंनी सांगितले की साक्षीदाराची सही मजकूर खरा असल्याची नसते, फक्त माझी सही समोर झाली एवढ्याचीच असते. ते म्हणाले, "तुमच्यासाठी तेवढ्याचीच असू दे."

मी इतकी चकित झाले की त्यांना थांबवायचे मला सुचले नाही. मी सही केली. मग डॉक्टरांनी केली, मग भाऊजींनी, पत्ते लिहितात त्याच टपोऱ्या अक्षरात. वकीलबाईंनी विचारले, कलम ५ खोडायचे ना? मी म्हटले, नाही. कायद्याला काय करायचे ते तो करील. माझ्या मुलीने मात्र ते वाचावे आणि माझ्या हातचे आहे म्हणून पाळावे. मग मी भाऊजींना बसायला सांगितले.

ठिकाण: राहते घर, वरची पुढची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर

लिहून ठेवणार: (सही) संपादक

साक्षीदार:
१. (सही) कुटुंबाचे डॉक्टर
२. (सही) लिहून ठेवणारीचे धाकटे दीर, माजी चिटणीस