माझ्या मानेतला तुकडा

अक्का,

रागातच नमस्कार करते. ऑपरेशनमध्ये माझ्या मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेला चरबीचा तुकडा मी संशोधनाला दिला, म्हणून तू बोलणं टाकलंस. "अंगातलं काही परक्याला देतात का?" म्हणे. अगं, नाहीतर कचऱ्यात गेला असता!

तुकड्यातल्या पेशी जिवंत असतानाच तपासाव्या लागतात, म्हणून प्रयोगशाळेतली पोरगी बर्फाचा डबा घेऊन ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभी होती. टाके सुकल्यावर मी तिला गाठलंच. म्हटलं, माझा तुकडा आहे, दाखव. तिनं पडद्यावर दाखवला. म्हणाली, "मावशी, रोगाशी लढणाऱ्या पेशी चरबी साफ करायला येतात, तीच खाऊन फुगतात आणि तिथेच ठाण मांडतात."

"म्हणजे जावईच की!" मी म्हटलं. पोरगी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

मग म्हणाली, "तुमच्या तुकड्यामुळे आमचं अडलेलं काम पुढे सरकलं." अक्का, चौथीत शाळा सुटलेली मी, त्या दिवशी रस्त्यानं अशी ताठ मानेनं चालले की टाके ताणले गेले.

पण डॉक्टर म्हणतात, हे दुखणं सख्ख्या बहिणींत असू शकतं. परवा तुझा हात बधिर होऊन कप पडला, जीभ अडखळली, हे तुझ्या सुनेनं सांगितलं. तू म्हणे "वय झालं" म्हणून मोकळी! माझंही असंच सुरू झालं होतं.

हे पत्र टाकत नाही. तू वाचशील आणि उशीखाली सरकवशील. त्यापेक्षा मीच आत्ता निघते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण दवाखान्यात नेल्याशिवाय मी तुझ्या दारातून हलणार नाही.

तुझीच हट्टी,
धाकटी